सपाट रेघ

पडद्यावरची रेघ आजही सपाट आली आणि हेमलताला हायसं वाटलं.

"रेघ काही बी सांगो, मॅडम," मागून गिरधर अटेंडंट पुटपुटला. "नाना गयात नहीत. आठेच शेतस."

धुळ्याच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात किरण देणारं मशीन एकच. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी हेमलतानं टेबलावर किरण मोजणारी डिटेक्टरची फळी ठेवायची आणि किरण सोडायचा. तो सगळीकडे सारखा पडला की रेघ सपाट. दसऱ्याच्या सुमाराला तोताराम नाना नावाच्या पेशंटनं याच टेबलावर, डाव्या कुशीवर, प्राण सोडला आणि रेघ डावीकडे खचली. नाना तिथेच पडून किरण अडवतात, असं गिरधरनं ठरवून टाकलं. हेमलता भुताखेतांना भीक घालणारी नव्हती. तिनं डावीकडचा किरण वाढवत नेला, रेघ सरळ केली आणि नानांना निरोप दिला.

पण भुतं अशी जातात थोडीच? डावीकडे चटका बसतो, असं एकेक पेशंट सांगू लागला. शिरपूरकडचे दोघं तर उपचार सोडून भगताकडे गेले. आणि काल खुद्द तिची आई, नर्मदाबाई, म्हणाली, "डावं अंग जयस वं माय." आज आईचा शेवटचा किरण होता. ती हटून बसली होती: आधी नानांना काढ, मग मी झोपते.

हेमलतानं आईला पडद्याजवळ आणून बसवलं. "किरण सारखा असेल ना, तर फळी उलटी फिरवली तरी रेघ सपाटच येते. बघच तू. गिरधर, फिरवा फळी."

गिरधर मागे सरला. दसऱ्याच्या पूजेत फळीवर नारळ फोडून कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ते उलटं करायला नको, म्हणून तेव्हापासून फळी कुणी फिरवलीच नव्हती. हेमलतानंही नाही.

आज तिनं ती स्वतः फिरवली, दार लावलं, किरण सोडला.

रेघ वाकडी आली. डावीकडे उंच, उजवीकडे खड्डा.

"गयात का वं नाना?" आईनं विचारलं.

नाना तिथे कधी नव्हतेच. मशीनही बिघडलं नव्हतं. बिघडली होती फळी, नारळ फुटला त्या बाजूनं, आणि त्या फळीवर विसंबून धडधाकट मशीन हेमलतानं स्वतःच्या हातानं बिघडवलं होतं, आईच्या पहिल्या किरणाच्या आदल्या दिवशी.