नव्या प्रतीतला अंधार

“तुम्ही चोर आहात,” शिवणवाली फोनवर म्हणाली. “पैसे चोरणारे परवडले. तुम्ही माझ्या नवऱ्याचा अंधार चोरलात.”

पलीकडे जुन्या सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीचा तक्रारवाला होता. तिचा फोन दर वेळी त्याच्याच वाट्याला यायचा. आता तिला नाव सांगावं लागत नव्हतं.

“मॅडम, तोच शेवटचा प्रसंग ना?”

“तोच. दुसरा आहे कुठला?”

दुसरा खरंच नव्हता. तिच्या नवऱ्याने हयातभर सिनेमाच्या सेटवर दिवे वाहिले. वाहून वाहून त्याचा डावा खांदा कायमचा पडला. त्याच्या सदऱ्यांत डाव्या खांद्याला ती कापडाची जाड घडी घालून शिवायची, म्हणजे चारचौघांत तो सरळ दिसे. एकदाच, एका सिनेमाच्या शेवटी, त्याला मनासारखं करू दिलं गेलं. लांब बोळ, टोकाला एक दिवा. दिवा विझतो आणि मग नुसता काळोख. चिटपाखरू नाही. लांब जाणाऱ्या पावलांचा आवाज तेवढा.

पडद्यावरच्या नावांत त्याचं नाव आलं नाही. ती भांडायला निघाली होती. त्यानेच अडवलं. “नाव काय करायचंय? ते काळं दिसतंय ना, ते मीच.”

तो गेल्यावर तेवढंच उरलं. पण घरातल्या जुन्या डिस्कमध्ये ते काळं धुऊन विटलेल्या कापडासारखं करडं दिसायचं. तिचा जीव तुटायचा. म्हणून नवी, भारी प्रत निघाल्याचं कळताच तिने मागवली.

भाचीने कपाळाला हात लावला. “मावशी, तोच सिनेमा, तीच माणसं. दुप्पट पैसे कशाचे?”

“काळ्याचे.”

“धन्य आहेस. आधी टीव्हीला अभ्रा शिवलास, आता त्याला काजळ घाल.”

टीव्ही भाचीनेच दिलेला, मोठा, चकचकीत काचेचा. धूळ बसू नये म्हणून बंद झाला रे झाला की शिवणवाली त्याच्यावर अभ्रा चढवायची. त्याला थंडी वाजते का, असं भाची दर खेपेला विचारायची.

डिस्कच्या डबीवर मात्र खोटं छापलेलं नव्हतं. काळा इतका खरा, की टीव्ही बंद पडला असं वाटावं.

आणि त्या खऱ्या काळ्यात एक माणूस उभा होता.

“तोंड बघणाऱ्याकडे करून उभा आहे,” शिवणवाली फोनवर म्हणाली. “चेहरा कळत नाही, पण आहे. त्याच्या पुढ्यात गाठोड्यासारखं काहीतरी ठेवलंय. माझ्या नवऱ्याने तिथे काही ठेवलं नव्हतं. हे सगळं तुम्ही घुसवलंत.”

“मॅडम, आम्ही काही घुसवत नाही. जुन्या प्रतीत दडलेलं नव्या प्रतीत उघडं पडतं, एवढंच. शूटिंगच्या वेळी तुमचे मिस्टरच मध्ये आले असतील.”

भाचीनेही हेच म्हणून बघितलं होतं आणि बोलणी खाल्ली होती.

“आयुष्यभर लोकांचे खांदे मोजले मी,” शिवणवाली म्हणाली. “त्याचा डावा पडलेला होता. ह्याचा उजवा पडलाय. हा कुणीतरी उपटसुंभ आहे.”

भाचीने डिस्क स्वतःच्या घरी नेऊन पाहिली होती. “आमच्याकडे नुसता अंधार, मावशी. इतका छान, की मला झोप लागली.”

मग कंपनीने बदली प्रत पाठवली. तिच्यात तो माणूस पाऊलभर पुढे आला होता.

“दोन प्रती वेगळ्या कशा असतील?” तक्रारवाला म्हणाला. “एकाच साच्यातून निघतात.”

“हेच तर मी विचारतेय. आठवडाभर विचारतेय. मला उत्तर हवंय. आणि त्याला तिथून काढा. त्या अंधारात माझ्या नवऱ्याशिवाय कुणी उभं राहायचं नाही.”

तक्रारवाल्याने उसासा टाकला. माणूस वाईट नव्हता. “काल मी स्वतः तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला. तिथे काहीच नाही हो. असं करा, आत्ता लावा. मी फोनवर थांबतो.”

दुपार होती. शिवणवालीने जाड पडदे ओढून घेतले, अभ्रा काढला, डिस्क लावली. अंगावर शाल लपेटून, पाय वर घेऊन ती खुर्चीत बसली. फोन कानालाच होता.

बोळ आला. दिवा विझला. पावलं लांब जाऊ लागली.

“आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज अगदी गाठोड्याला टेकलाय.”

“आता टीव्ही बंद करा.”

“का म्हणून?”

“डिस्कमधला असेल तर डिस्कबरोबर जाईल. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, मॅडम.”

तिने रिमोट दाबला. पावलं थांबली. टीव्हीच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. सवयीने तिने अभ्र्याकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला.

काचेत तो माणूस होता. जागचा हलला नव्हता. त्याच्या पुढ्यातल्या गाठोड्याने शाल पांघरली होती आणि उजव्या कानाला फोन लावला होता.

शिवणवालीने डाव्या कानावरचा फोन सावकाश खाली घेतला. गाठोड्याने उजव्या कानावरचा घेतला. त्यामागचा माणूस वाकला आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर आला.

“मॅडम,” मांडीवरच्या फोनमधून आवाज आला, “ऐकताय ना? मला उत्तर द्या. गेला का तो?”