नवव्या-दहाव्याच्या मधोमध

गावातली ती पहिली उंच इमारत. बाबा तिथे लिफ्टमन होते आणि आई दहाव्या मजल्यावर टायपिस्ट. ती एकटी असली की बाबा नवव्या-दहाव्याच्या मधोमध लिफ्ट मुद्दाम थांबवायचे आणि साळसूदपणे म्हणायचे, "अडकली वाटतं!" तिथेच त्यांचं जमलं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. काल आईला हौसेने ती इमारत पुन्हा दाखवायला नेलं. लिफ्ट आता नवी कोरी, बटणांची. आत आम्ही दोघीच. नववा मजला गेला आणि लिफ्ट थांबली.

मी घाबरून बटणं दाबत सुटले. आई मात्र गालातल्या गालात हसत केस सारखे करत होती.

"पुरे हं आता," ती लाजून म्हणाली, "लेक आहे सोबत."

माझ्या मागे कुणीतरी ओशाळून घसा खाकरला आणि लिफ्ट सुरू झाली.