खोबरेलाची वाटी

आतड्याच्या ऑपरेशननंतर ज्योतीरामच्या पोटाला शौचाची पिशवी लागली. तिची चिकटवलेली चकती रोज सुटे, पिशवी गळे. चाकणच्या कंपनीबसमधली माणसं सभ्य. नाकाला रुमाल कुणी लावत नसे, फक्त त्याच्या शेजारी बसत नसे. चकत्या बदलल्या, जेवण कमी केलं; गळती तशीच. "भावा, आता पुन्हा झालं तर घरी बसायचं," सुपरवायझरने बजावलं. त्या धास्तीत ज्योतीरामने इंजिनाच्या तेलकट झाकणावर तसंच सीलंट लावलं. "अरे, तेल कोण पुसणार? असं चिकटेल का? गळणारच की!" सुपरवायझर खेकसला. ज्योतीरामचा हात पोटावर गेला. संध्याकाळी पिंपळे गुरवच्या खोलीत आई नेहमीसारखी खोबरेलाची वाटी घेऊन बसली. "चकतीखालचं कातडं सोलवटलंय. मी रोज तेल लावते म्हणून निभतंय, बघ." खरं सांगायला जीभ रेटेना. तिच्यापुढे त्याने डोकं वाकवलं. "आई, आज इथं लाव."