इंजिनाचं घोंगडं

थंडी पडली तसं त्र्यंबकराव वकिलांनी आपल्या लाडक्या ट्रकच्या इंजिनावर पांघरायला नवंकोरं घोंगडं आणलं. ड्रायव्हर देवमननं हळूच विचारलं, "एखादं मलेबी भेटन काय, वकीलसाहेब? धारणीले केबिनमंदीच झोपा लागते."

"अरे, इंजिन गारठलं तर सकाळी अडून बसतं. माणसाचं काय, चारदा हँडल मारलं की घाम फुटतो!"

त्या खेपेला सागवान पारखायला वकीलसाहेब स्वतःच सोबत आले आणि धारणीत मुक्काम पडला. सकाळी इंजिन काही केल्या सुरू होईना. केबिनमधूनच ते कडाडले, "इंजिनावरचं घोंगडं कोणी काढलं रे?"

"तुमच्याच आंगावर हाये, साहेब," म्हणत देवमननं हँडल त्यांच्या हाती दिलं.