हाताला येणारी वेणी

रबरी स्नायूंचा उजवा हात बसवून भगवंतरावांना आठवडा झाला होता. त्या सकाळी त्यांची मुलगी केतकी फणी घेऊन पुढ्यात बसली. ते केस विंचरायला गेले, तर रबरी बोटांनी आपणहून तीन पेड घेतले आणि डाव्या हातालाही सोबत ओढत घट्ट, सुबक वेणी घातली.

"बाबा, तुम्हाला वेणी कधीपासून यायला लागली?"

"मला येत नाही गं," ते गोंधळून म्हणाले.

त्यांनी हात बसवून दिलेल्या केंद्रात फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञ शिरोडकरबाई ओशाळल्या. "हा हात आधी एका बाईंना बसवला होता. त्या वारल्या. त्यांना लहान मुलगी होती. रोज एकाच तऱ्हेने ताणलेलं हे रबर ते वळण धरून ठेवतं. उद्या या, तापवून ते वळण मोडून टाकू."

"हो," म्हणता म्हणता ते अडखळले. केतकी आरशात वेणी न्याहाळत होती. दुसऱ्या कुणाच्या आईचा हात आपल्या खांद्याला, हे बरं की वाईट, त्यांना कळेना.

"बाई, ती मुलगी कुठे राहते?" त्यांनी विचारलं. "वळण मोडण्याआधी एकदा तिची वेणी घालून द्यायला हवी."