नाव वाचता आलं पाहिजे

लेन्सनं पुन्हा मान टाकली. काशीरामनं स्क्रू आवळला, हात सोडला, आणि ती तोफेएवढी लेन्स हळूहळू झुकत गच्चीच्या फरशीकडे बघू लागली.

"आयला ह्याच्या!" तो म्हणाला आणि तिपाईच्या पायाला लाथ मारता मारता थांबला.

मितेशनं हे गळ्यात मारलं होतं. पनवेलच्या दुकानात त्यानं काउंटरवर तिपाईवर बसवायचं, पाळण्यासारखं झुलणारं एक डोकं काढून ठेवलं. "काका, हे गिंबल घ्या. फ्लाइट जाईल तिकडे लेन्स फिरते. नुसतं बोट लावायचं."

"मना फिरवायची नाय. एका जागी घट धरून ठेवायची हाय."

मितेश हसला होता. "विमान एका जागी थांबतं होय काका?"

काशीरामनं वाद घातला नाही. आता त्याला स्वतःचाच राग येत होता.

गच्चीवर सुट्टीची मंडळी जमली होती. विमानतळ सुरू झाल्यापासून इमारतीतल्या निम्म्या लोकांना हा नाद लागला होता. कुंपण अगदी जवळ, त्यामुळे बाहेरचेही ओळख काढून यायचे. काशीराम त्यांच्यात बसायचा नाही. कठड्याच्या टोकाला, खाडीच्या अंगाला त्याची जागा ठरलेली.

घरी प्रितम रोज धुसफुसायचा. "आई गेल्यापासून बाबांना हे काय खूळ लागलंय! जन्मात कधी विमानाकडे मान वर करून बघितलं नाही."

काशीराम ऐकून घ्यायचा. शांती असती तर तिनं पोराला गप्प केलं असतं, आणि मग नवऱ्यालाही चार शब्द सुनावले असते. विमानतळात गेलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा तिनं साधा मिक्सर घेऊ दिला नव्हता. पाटा आहे की, म्हणाली होती.

"काका, अजून झुकतेय?" सातव्या मजल्यावरची चारुता जवळ आली. बँकेत नोकरी करायची, गळ्यात कायम कॅमेरा. "अहो, तुम्ही कॅमेरा तिपाईला लावलाय! एवढी जड लेन्स पुढे लोंबकळणार, मग तोल कसा राहील? लेन्सला तिचा स्वतःचा पाय असतो. हा बघा."

तिनं लेन्सच्या पोटाखालच्या कड्याला धरलं. काशीराम त्याला आजवर उचलायची मूठच समजत होता.

"पिशवीसारखी धरून आनली मी तिला," तो खजील होऊन म्हणाला. "मितेशनं सांगितला नाय."

"त्यानं पैसे घेताना बरोबर सांगितलं असेल." चारुता हसली. तिनं तिपाईची पट्टी कॅमेऱ्याखालून काढून लेन्सच्या पायाला बसवली, मागेपुढे सरकवून तोल साधला. लेन्स आडवी राहिली. हात काढला तरी राहिली.

काशीरामनं डोळा लावला आणि लगेच मागे घेतला. "हालतंय. वाऱ्यानं थरथरतंय. अशानं पुन्हा पुसट येनार."

"खाली वजन लावा. काहीतरी जड अडकवा मधल्या हुकाला."

तो खाली गेला. बाल्कनीत एक कुंडी पडून होती. तिच्यात शांती दर पावसाळ्यात तुळस लावायची आणि दर उन्हाळ्यात ती वाळायची. आता नुसती माती उरली होती. त्यानं ती कुंडी पिशवीत घातली, वर आणली आणि हुकाला टांगली. तिपाई रोवल्यासारखी झाली.

"आज एवढी घाई कसली?" चारुतानं विचारलं.

"उद्या समोरच्या नव्या इमारतीचा पुढचा स्लॅब भरनार. मग हितून काय दिसतंय?"

"मग कळंबोलीकडून बघू. विमानं काय, कुठूनही दिसतात."

"मना नाय दिसनार कुठून." तो पुन्हा लेन्सला डोळा लावून बसला. "आन नुसती दिसून उपयोग नाय. नाव वाचता आलं पायजे. इतके फोटो काढले, एकात नाव लागत नाय. घरात लावायचाय."

"कंपनीचं नाव ना? येईल. फोकस हातानं करा, कॅमेऱ्यावर सोडू नका. बटण दाबलं की हात काढायचा, फोटो दोन सेकंदांनी आपोआप निघेल. असं लावून देते." तिनं फोनमध्ये पाहिलं. "ती आज जरा उशिरा आहे."

"उशिरा कसली? ती काय चाललीय कुठं?"

"निघाली हो दिल्लीहून. येईल."

ऊन चढत होतं. अजून थोड्या वेळानं जमिनीवरची हवा लकाकायला लागली असती, आणि मग सगळं पाण्यात पडल्यासारखं दिसलं असतं. काशीरामनं हातानं फोकसचं कडं फिरवलं, थोडं मागे, पुन्हा पुढे. गळ्याला घाम आला.

"आली, आली!" कोणीतरी ओरडलं.

डोंगराच्या बाजूनं विमान उतरत आलं. सगळ्या गच्चीवर खटाखट कॅमेरे वाजू लागले. चारुता तिचा कॅमेरा फिरवता फिरवता ओरडली, "काका, दाबा! समोर आलीय तुमच्या! दाबा!"

काशीरामनं हात मांडीवर ठेवला होता. विमान त्याच्या लेन्ससमोरून गेलं, चाकं टेकली, धूर उडाला. तो तसाच बसून राहिला. आवाज विरला, धूर खाली बसला.

"अहो काका! गेली की ती! एवढा खटाटोप केलात आणि..."

"गेली नाय," तो म्हणाला. त्यानं बटण दाबलं आणि हात काढला. दोन सेकंदांनी कॅमेरा खट्कन वाजला.

अंगठ्यानं फोटो मोठा करत करत त्यानं पडदा तिच्यापुढे धरला. "वाच बरं बाय. चश्मा खाली ऱ्हायला माझा."

चारुता वाकली. फोटोत विमान नव्हतं. कुंपणाच्या आत, वाढलेल्या गवतात एका पाडलेल्या घराचं जोतं होतं. त्याच्यासमोर तुळशीवृंदावन तेवढं उभं होतं, आणि त्यातली तुळस मंजिऱ्यांनी भरली होती. खाली, कधीकाळी ओल्या सिमेंटवर बोटानं गिरवलेली दोन वाकडीतिकडी अक्षरं होती.

"शांती," तिनं वाचलं.