गुरुवारपर्यंत निर्धास्त

"बाराही पिंजरे गेले!" दादाने मेलेला मासा धाकटीच्या टेबलावर आपटला. कीबोर्डवर पाणी उडालं. "हे घे तुझं भाकीत!"

खाडीत जाळीचे पिंजरे सोडून मासे वाढवणारा हा तिचा थोरला भाऊ. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण आज त्याचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? खाडीत प्राणवायू किती राहील ते सांगणारं कॉम्प्युटरवरचं मॉडेल धाकटीनेच बनवलं होतं. सोमवारी त्याने सांगितलं, गुरुवारपर्यंत निर्धास्त राहा. बुधवारी पहाटे दादाचे सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते.

"एक दिवस आधी कळलं असतं, तर काढून विकले असते. आता पुरायला खड्डे खणतोय!"

"दादा, आधी बस."

"बसतोय कसला! माझं वाटोळं झालं आणि बस म्हणतेस?"

धाकटीही धुमसत होती. सकाळपासून साहेबांनी तिला फैलावर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत चूक शोधा, नाहीतर मॉडेल कायमचं बंद. सहा वर्षं खपून बनवलेलं मॉडेल! आणि मेली ती चूक काही केल्या सापडत नव्हती.

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हे बघ. नुसत्या गणितात प्राणवायू घसरताना दिसत होता. पण गणित आणि मोजणी जुळली नाही, तर आम्ही मोजणी खरी धरतो. तुझ्या पिंजऱ्यात लावलेलं आमचं यंत्र स्वतःभोवतीचं पाणी मोजून दर तासाला सांगत होतं, प्राणवायू भरपूर आहे."

"म्हणजे खापर माझ्यावरच?"

"मग काय करू? त्यावर पुन्हा शेवाळ साचू दिलं असशील! मागच्या महिन्यात घसा फुटेपर्यंत ओरडले होते, यंत्र स्वच्छ ठेव म्हणून. तुला कधी कशाची फिकीर असते का?"

दादा ताडकन पुढे झाला.

"मला फिकीर नाही? अगं बये, तू ओरडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी खास त्या यंत्रासाठी हवेचा पंप आणला मी! शेवाळ धरू नये म्हणून महिनाभर रात्रंदिवस त्याच्यावर ताज्या हवेचे बुडबुडे सोडतोय. जा, बघून ये, शेवाळाचा एक कण दाखवलास तर नाव बदलीन!"